सातबाऱ्यावर भात, शेतात तिवरं

बाबा गेल्यावर वारस नोंद झाली आणि मागच्या वर्षी सातबाऱ्यावर माझं नाव चढलं. आई, दोन भाऊ आणि मी. जमीन चोपन्न गुंठे, खारेपाटातली, धरमतर खाडीच्या काठची. कागद हातात आला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लेकीचं नाव लावायचं म्हटलं की अजून आमच्याकडे घराघरांत तोंडं वाकडी होतात. आमच्याकडे झाली नाहीत. थोरला भाऊ तर हसत म्हणाला, "घे, तुझ्या वाटणीचा समुद्र घे."

कारण त्या चोपन्न गुंठ्यांत भाताची एक काडी नाही. तिवरं आहेत. माणसाच्या दीडपट उंच, इतकी दाट की आमचा मधला बांध कुठून जात होता हे आता फक्त काकांना सांगता येतं, तेही लांबून बोट दाखवून. बाहेरकाठ्याला खांड गेली त्याला चौदा-पंधरा वर्षं झाली. कागदावर मात्र जमीन लागवडीयोग्य आहे. पीकपाहणीला 'पड'. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर मी हौसेने बसले होते, पिकांच्या यादीत तिवर काही सापडलं नाही.

गेल्या आठवड्यात २६ जुलै झाला, जागतिक कांदळवन दिन. फोनवर दिवसभर फोटो येत होते. एकसारखे टी-शर्ट घातलेली माणसं, पोटरीभर चिखल, हातात एकेक रोप, पाठीमागे बॅनर. मला या फोटोंचा राग नाही. पोरं चिखलात उतरतात हे चांगलंच आहे. पण ते फोटो पाहताना दोन गोष्टी डोक्यातून जात नव्हत्या. एक, ही रोपं लावली नेमकी कुठे? आणि दुसरी, आमच्या शेतात कुणीही न लावता जे जंगल उभं राहिलं, त्याचा हिशेब कुणाच्या नावावर? म्हणून हे लांबलचक लिहितेय. सवडीने वाचा.

खारेपाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं.

अलिबाग-पेण पट्ट्यात खाडीकाठची बरीचशी भातजमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. म्हणजे उधाणाला खाडीचं पाणी वर आणि आमचं शेत खाली. मधे फक्त बांध. हा बांध खाडीच्याच चिखलाचा, बाहेरून दगडाचं पिचिंग. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. तिची झडप भरती आली की पाण्याच्या दाबाने बंद होते, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. ना मोटर, ना वीज. गोव्यात अशाच जमिनीला खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. तिकडेही हीच अक्कल, हाच चिखल.

ही जमीन निसर्गाने दिलेली नाही, ती माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे. खाजण बांधून शेत काढणाऱ्याला सवलतीने जमीन द्यायची, ही शिलोत्री पद्धत कुलाबा जिल्ह्यात जुनी. १८८३ च्या गॅझेटियरातही तिची नोंद आहे. याच खारेपाटात चरीच्या शेतकऱ्यांनी २७ ऑक्टोबर १९३३ ला संप पुकारला. नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले. सहा वर्षं लोकांनी खोताची जमीन कसली नाही. उपास काढले, पण हटले नाहीत. पुढे कूळकायदा आला, कुळांची नावं लागली. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आलं ते त्या रस्त्यानेच. तेव्हा कुणी सहज म्हटलं की "नापीक तर झालीय, सोडून द्या", तर आमच्या घरात जेवण थांबतं.

बांध सांभाळायची पद्धत जोळाची. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरचा माणूस बांधाच्या कामाला. खांड गेली की रात्री हाक पडायची आणि ओहोटीच्या चार-पाच तासांत खांड बुजवायची, पेंढा, दगड, चिखल, जे हाताला लागेल ते घालून. कारण खांडीचं गणित सोपं आहे आणि क्रूर आहे. आज हातभर असलेली खांड पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला वावभर होते आणि त्यापुढच्या अमावास्येला होडी आत येते. दर ओहोटीला आत गेलेलं सगळं पाणी त्याच एका तोंडातून परत निघतं आणि जाताना माती घेऊन जातं.

१९४८ चा खारजमीन कायदा आला, मग १९७९ चा खारभूमी विकास कायदा. बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. हेतू चांगलाच होता, गरीब शेतकऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. पण त्याबरोबर जोळही मोडला. आता रात्री हाक मारायची तर कुणाला? तरुण माणसं कंपनीत, शिफ्टला. आमची खांड गेली तेव्हा बाबा अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. तिथून दुसरीकडे. पंचनामा झाला, अंदाजपत्रक झालं, वर्ष उलटलं. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर खाडीतून तिवराचं बी तरंगत आत आलं आणि रुजलं. तिसऱ्या वर्षी निधी आला म्हणाले, तेव्हा मुरूम घेऊन गाडी जायची ती वाट तिवरांत गेली होती. मग झाडं तोडायला परवानगी कुणाची, हा नवा अर्ज. ती फाईल बाबांच्या कपाटात अजून आहे, चांगली दोन बोटं जाड.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर कमेंटमध्ये लगेच "कोर्टानेच वाट लावली" सुरू होतं.

कोर्टाने वाट लावली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनं तोडण्यावर आणि त्यांत भराव टाकण्यावर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात सांगितलं की जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवन राखलंच पाहिजे. भोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवा. तो निकाल आला नसता तर ठाणे खाडी आज डेब्रिजखाली असती. रात्री डंपर येतात, कडेला राडारोडा ओततात, पाणी अडतं, झाडं उभ्या उभ्या वाळतात, मग दोन वर्षांनी "इथे काही नव्हतंच" म्हणून झोपड्या नाहीतर टॉवर. हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. निकाल त्या माणसासाठी होता. अडचण एवढीच की त्याच निकालाच्या चौकटीत माझे बाबाही येऊन बसले. एकाने जंगल मारून जमीन केली, दुसऱ्याची जमीन मरून जंगल झालं. कायद्याला दोघं सारखेच दिसतात.

सारखे तरी कुठे? बुलेट ट्रेनच्या मार्गातली सुमारे २२ हजार कांदळवन झाडं तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळाली. सार्वजनिक हिताचं काम होतं. असेलही. पण शेकडो एकर भातशेती आणि गावाचं गोडं पाणी वाचवणारा बांध हेही सार्वजनिक हिताचं काम आहे, एवढं मांडायला खारेपाटाकडे मोठा वकील नाही.

आता आकडे बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात कांदळवन १८६ चौरस किलोमीटर होतं. २०२१ च्या अहवालात ते ३२४ झालं. आठ वर्षांत एवढी वाढ! भाषणांत हा आकडा टाळ्या घेतो. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला, राखण वाढली, मोजणी सुधारली, रोपवनंही झाली. हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्या वाढीत खांड गेलेली शेतंही आहेत. उपग्रहाला वरून हिरवं दिसतं. ते हिरवं रोपवन आहे की कुणाची बुडालेली शेती, हे त्याला कळायचा प्रश्न नाही. काका एकदा म्हणाले, "झाड आपला नाय, जमीन आपली नाय, पन सारा आपलाच हाय." चार ओळींचा अहवाल एका ओळीत.

बरं, मग मी तिवरांच्या विरोधात आहे का? नाही. आणि हेच मला गावात समजावताना नाकी नऊ येतात.

आमची म्हातारी माणसं बांधाच्या बाहेरच्या अंगाची तिवरं तोडू द्यायची नाहीत. सरपणाला आतबाहेरून फांदी आणावी, पण बांधासमोरचा पट्टा राखायचा. लाट आधी झाडात मरते, मग बांधाला लागते, हे त्यांना कुणी सेमिनारमध्ये शिकवलं नव्हतं. हल्ली खाडीत बार्ज चालतात. त्यांच्या लाटा दिवसातून कितीदा बांधाला धडकतात ते मोजायला कुणी बसत नाही, पण जिथे समोर झाडी आहे तिथला बांध अजून उभा आहे आणि जिथे नाही तिथलं पिचिंग खाली घसरलंय. कुणीही जाऊन बघावं. शिवाय चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी, सगळ्यांचं बाळंतपण त्या मुळांत होतं. जिताडा लहानपणी तिथेच वाढतो. जावई आला की जिताडा पाहिजे आणि तिवर नको, असं कसं चालेल?

दुसरं म्हणजे चिखल. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि यावर कुणी बोलत नाही.

खाडी नुसतं पाणी आणत नाही, गाळ आणते. झाडांच्या मुळांत पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो, जमीन हळूहळू वर येते. बांध घातला की आतल्या शेताला हा गाळ मिळत नाही. शेत आहे तिथेच राहतं, उलट दबून खाली जातं, आणि बाहेर खाडीचा तळ व समुद्र वर येत राहतात. जगभरात समुद्राची पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढली, असं आयपीसीसीचा अहवाल सांगतो. साडेतीन-चार मिलिमीटर म्हणजे काय, भाताच्या दाण्याची जाडी दुप्पट करा. पण चाळीस वर्षांत ती जवळपास पाऊण वीत होते. आणि उधाणाच्या दिवशी बांधाच्या माथ्यावरून पाणी जायला बोटभर उंची पुरते.

हा प्रकार आपल्याकडेच नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या तोंडाशी लुईझियाना राज्य आहे. तिथे पुराच्या भीतीने नदीला दोन्ही बाजूंनी भक्कम बांध घातले. पूर थांबला, पण दलदलीला मिळणारा गाळही थांबला. जोडीला तेल-वायूसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरलं. १९३२ ते २०१६ या काळात त्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. मग त्यांनी ठरवलं, बांधाला मुद्दाम दार पाडायचं आणि नदीचा गाळ पुन्हा दलदलीत सोडायचा. सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प, कामही सुरू झालं. तिथल्या कालवं आणि कोळंबी धरणाऱ्यांनी विरोध केला: एवढं गोडं पाणी आत आलं तर आमचा धंदा बसणार. खर्च, खटले, राजकारण होऊन २०२५ मध्ये प्रकल्प रद्द झाला. मी त्या मच्छीमारांना मूर्ख म्हणणार नाही. दलदल वाचवण्याचं बिल त्यांच्या एकट्याच्या नावाने फाटत होतं, हे मला ओळखीचं वाटतं.

आता परत त्या २६ जुलैच्या रोपांकडे.

कांदळवनाचं झाड कुठेही चिखलात उगवतं, हा गैरसमज आहे. ते साधारण मध्यम समुद्रपातळी आणि मोठ्या उधाणाची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात जगतं. दिवसाच्या एकतृतीयांशाहून जास्त वेळ पाण्याखाली राहिलं तर बहुतेक रोपं गुदमरतात. तिवराची ती जमिनीतून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं श्वास घ्यायला असतात. ती सदा पाण्यात ठेवाल तर झाड मरणारच. पण कार्यक्रमाला सोयीची जागा कोणती? ओहोटीला उघडा पडणारा सपाट, रिकामा चिखल. तिथे कुणाचा सातबारा नाही, भांडण नाही, फोटो छान येतो. आणि तो चिखल रिकामा असतो कारण झाडाला तिथे जगता येत नाही. जगता आलं असतं तर खाडीने बी आधीच टाकलं असतं. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतर अशीच उत्साहाने लागवड झाली. पुढे तपासणी केलेल्या २३ जागांपैकी ९ ठिकाणी एकही रोप उरलं नव्हतं.

शिवाय तो चिखल ओसाड नसतो. ठाणे खाडीत रोहित पक्षी येतात ते झाडांवर बसायला नाही, उघड्या चिखलात चरायला. २०२२ मध्ये त्या खाडीला रामसर दर्जा मिळाला त्यात झाडांइतकाच चिखलाचा वाटा आहे. चिखलावर झाडं लावून पाणथळ वाचवणं म्हणजे माळरान वाचवायला त्यावर निलगिरी लावण्यासारखं.

मग करायचं काय? याचं उत्तर आपल्या देशातच आहे. तामिळनाडूत पिचावरमला जुन्या सरकारी तोडीमुळे कांदळवन उजाड झालं होतं. तोडलेली जमीन मधे खचून परातीसारखी झाली, भरतीचं पाणी आत यायचं पण परत निघायचं नाही. उन्हाने आटून मिठागर व्हायचं. रोप लावलं की मरायचं. स्वामिनाथन यांच्या संस्थेने आणि वनखात्याने १९९० च्या दशकात तिथे माशाच्या काट्यासारखे चर खोदले, एक मोठा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे फाटे. पाणी यायला-जायला लागलं, खार धुपला, मग लावलेली रोपं जगली. फ्लोरिडात रॉबिन लुईस नावाचा शास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत राहिला की आधी पाण्याची वाट नीट करा, बी आपोआप येतं. आमचं शेत त्याचा जिवंत पुरावा आहे, फक्त आम्हाला तो पुरावा नको होता.

आणि जिथे पाणी हवं तिथे आपण काय करतो? नेरुळच्या डीपीएस तलावाचं झालं ते आठवा. भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली, तलाव कोरडा पडत गेला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या भागात रोहित पक्षी मेलेले सापडले. उरणच्या पाणज्याला पाणी अडवल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. म्हणजे धरमतर खाडीचं एक टोक धरा आणि ठाणे खाडीचं दुसरं. एका ठिकाणी समुद्र आत येऊ नये म्हणून माणसं अर्ज घेऊन फिरतात, तिथे खांड बुजत नाही. दुसऱ्या ठिकाणी समुद्र आत यायला पाहिजे, तिथे ती वाट मात्र एका रात्रीत बुजते. दोन्हीकडे शेवटी काय उरतं? "पडीक जमीन". आणि पडीक जमिनीला गिऱ्हाईक असतंच. आमच्या गावात खांड गेल्यावर तिसऱ्या वर्षापासून एजंट फिरायला लागले. "नाहीतरी बुडालीच आहे, येईल तो भाव घ्या." बाबांनी त्याला चहा पाजून पाठवला.

मला विचाराल तर खारेपाटात सगळे बांध परत बांधा, हे म्हणणंही आता खरं नाही आणि सगळं खाडीला सोडा, हेही नाही. जिथे खांड नवी आहे, आत अजून झाडं रुजलेली नाहीत, मागे गाव आणि विहिरी आहेत, तिथे पहिल्या उधाणाच्या आत खांड बुजली पाहिजे. मंजुरी मागाहून, निधी मागाहून. आग लागल्यावर बंब निविदा काढून येत नाही. त्यासाठी जोळ परत उभा करता येईल, फक्त या वेळी मजुरी देऊन. रोजगार हमी आहे ना? खांड बुजल्यावर दोन-चार पावसाळ्यांत खार धुऊन जातो. तोवर काळा रता लावा, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचं पनवेल-३ लावा. जुनी माणसं काळा रताच लावायची, भात लाल आणि जाडा, पण खाऱ्यात उभा राहायचा.

जिथे आमच्यासारखं पंधरा वर्षांचं जंगल झालंय, तिथे ते जंगलच राहणार, हे मी मान्य केलंय. भावांनी अजून केलेलं नाही, आणि ते माझ्याहून जास्त वर्षं त्या शेतात राबलेत, म्हणून मी जास्त बोलत नाही. पण जंगल राहणार असेल तर मग सरकारने सरळ म्हणावं की हे जंगल आम्हाला हवंय. आणि हवंय तर त्याचं भाडं द्यावं. दर एकरी, दरवर्षी, सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांच्या खात्यात. ही भीक नाही. ते झाड बांध राखतं, मासे वाढवतं, कार्बन धरून ठेवतं. कार्बनची बाजारपेठ आहे म्हणतात, तिचे पैसे खाडीकाठच्या माणसापर्यंत यायला काय हरकत आहे? २०१७ पासून राज्याची कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आहे. खेकडापालन, पिंजऱ्यातले मासे, कालवं. चांगली योजना आहे, बायकांच्या गटांना तिचा उपयोगही होतो. पण ती गावासाठी आहे. ज्याची जमीन गेली त्या माणसाचा हिशेब त्यात वेगळा धरलेला नाही. आणि पुढे पाचवी-सातवी खांड जाईल तेव्हा उधाणाने झालेलं नुकसान पूर आणि वादळाच्या नुकसानीच्या रांगेत बसवा, ही आमच्याकडची जुनी मागणी आहेच.

जिथे खाडी आणि बांध यांच्यामधे काहीच झाडी उरली नाही, त्या अरुंद पट्ट्यात मात्र लागवड जरूर करा. तिथे योग्य उंची आहे, तिथे उपयोग आहे. पुढच्या २६ जुलैला टी-शर्ट घालून त्या पट्ट्यात या. चिखल भरपूर आहे, जेवण आम्ही देऊ. फक्त येण्याआधी काकांना विचारा कुठे लावायचं ते. ते जागा दाखवतील आणि चार शिव्याही देतील, मनावर घेऊ नका.

शेवटी एक काम. नारळी पौर्णिमेचं उधाण तोंडावर आलंय. खारेपाटात कुठल्या गावाच्या बांधाला किती खांडी आहेत, कोणत्या साली गेल्या, आत किती जमीन बुडाली आणि त्यात तिवरं आलीत की नाहीत, याची यादी एका जागी कुणाकडेच मला मिळाली नाही. आपणच करू. कमेंटमध्ये गावाचं नाव, खांडीचं ठिकाण आणि साल एवढं टाका. उधाणाच्या दिवशी शक्य असेल तर बांधावर उभं राहून फोटो काढा, पाणी माथ्यापासून किती खाली आहे ते दिसेल असा, वेळेसकट. सांभाळून, पिचिंगवर शेवाळ असतं. आमच्या गावापासून सुरुवात करते: खांडी तीन, सगळ्यात जुनी पंधरा वर्षांची, सगळ्यात नवी या जूनमधली. नवी अजून दोन हातांची आहे.